जुनी लबाडी, नवा खेळ

गेल्या श्रावणांत एके दिवशीं तिन्हीसांजेस माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. नमस्कार करून ओटीवर बसला आणि बराच वेळ कांहीं बोललाच नाहीं. शाळेंत असतांना हा मुलगा हिशेबांत पक्का. आतां एका कारखान्याच्या कचेरींत हिशेबनीस आहे. शेवटीं त्यानें खिशांतून मोबाइल काढून माझ्यापुढें धरला. त्यांत चित्रांतलें एक हिरवेंगार शेत होतें. कणसें डोलत होतीं, कोंबड्या दाणे टिपीत होत्या आणि वरच्या कोपऱ्यांत एक आंकडा क्षणाक्षणाला वाढत होता. तो म्हणाला, "गुरुजी, ह्या शेतांत माझे तीन लाख ऐंशी हजार रुपये आहेत. ते काढावयाचे तर आधीं साठ हजार रुपये कर म्हणून भरा असें सांगतात. भरूं का?"

मीं त्याला काय उत्तर दिलें तें पुढें सांगेन. परंतु त्या दिवसापासून हा विषय माझ्या मनांतून गेलेला नाहीं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. गणकयंत्राच्या पोटांत काय चालतें हें मला कळत नाहीं, आणि कळतें असा आव आणण्याचें माझें वयहि नाहीं. पण जन्मभर मुलांना इतिहास शिकविल्यामुळें एक संवय जडली आहे. कोणी 'हें अगदीं नवें आहे' असें म्हणूं लागला कीं जुनीं दप्तरें उलगडून पाहावींत. तीं उलगडून मला जें दिसलें तें आज आपणांपुढें ठेवतों.

ज्या तंत्रावर हे खेळ उभे आहेत त्याला ब्लॉकचेन म्हणतात. नांव बोजड, कल्पना सोपी. पेढीवर एक वही असते. कोणाचें किती जमा आणि किती नांवें हें मुनीम तींत लिहितो. मुनीमानें लबाडी केली तर गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाहीं. २००८ सालीं सातोशी नाकामोतो असें टोपणनांव घेतलेल्या कोणी एकानें ह्यावर तोड सुचविणारा निबंध प्रसिद्ध केला, आणि ३ जानेवारी २००९ रोजीं बिटकॉइन ह्या चलनाची वही सुरू झाली. ह्या वहीला एक मुनीम नाहीं. तिची नक्कल जगभरच्या हजारों यंत्रांत असते, आणि प्रत्येक नवें पान मागच्या पानाशीं अशा गणिती शिक्क्यानें जोडलेलें असतें कीं मागली एक नोंद खोडली तर पुढचीं सारीं पानें चुकतात. ३० जुलै २०१५ रोजीं ईथरियम नांवाची दुसरी वही निघाली. तींत नुसता जमाखर्च नव्हे, तर 'अमुक घडल्यास तमुक रक्कम अमक्यास द्यावी' असे आपोआप अमलांत येणारे करारहि लिहितां येऊं लागले. खेळ ह्या वहींत शिरले ते ह्या दारानें.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरावी, कारण पुढची सारी लुबाडणूक तिच्याच विस्मरणावर चालते. वहींतली नोंद खोडतां येत नाहीं, ह्याचा अर्थ वहींतला व्यवहार प्रामाणिक असतो असा नव्हे. खरेदीखत सरकारी कचेरींत रीतसर नोंदलें म्हणून खडकाळ माळाची बागाईत होत नाहीं. वही एवढेंच सांगते कीं तुमचे पैसे गेले, आणि ते अमक्या खात्यांत गेले. तें खातें कोणाचें, हें मात्र ती सांगत नाहीं.

वस्तु खरी म्हणून तिचा भावहि खरा, ही समजूत आपल्या पूर्वजांनाहि भोंवली आहे. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आलेला पैसा ठेवावयास जागा पुरेना, म्हणून रोज नव्या पेढ्या व नव्या कंपन्या निघूं लागल्या. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीचा पांच हजार रुपये भरलेला भाग पन्नास हजारांवर गेला. एप्रिल १८६५ मध्यें अमेरिकेंतलें युद्ध संपलें, कापूस उतरला, आणि १ जुलै १८६५ ह्या वायद्याच्या दिवशीं मुंबईंतलीं मोठमोठीं घराणीं बसलीं. बँक ऑफ बाँबेसुद्धां त्यांतून वांचली नाहीं. श्रोतेहो, समुद्रांतून जमीन निघते ही गोष्ट खोटी नव्हती. पुढें ती निघालीहि. खोटा होता तो भाव, कारण तो जमिनीवर उभा नसून उद्यां आणखी कोणी अधिक भावानें घेईल ह्या आशेवर उभा होता.

दुसरा दाखला बोस्टन शहरांतला. १९२० सालीं चार्ल्स पाँझी नांवाच्या गृहस्थानें टपालाच्या आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपनांचा व्यापार करून पंचेचाळीस दिवसांत शेंकडा पन्नास नफा देण्याची हमी दिली. लोकांना नफा मिळालाहि. मात्र तो कूपनांतून न येतां मागून येणाऱ्या लोकांच्या ठेवींतून येत होता. नवे लोक येण्याचें थांबतांच डोलारा कोसळला. आपल्याकडेहि 'गेनबिटकॉइन' नांवाच्या योजनेनें बिटकॉइनवर दरमहा शेंकडा दहा परतावा देऊं केला होता, आणि २०१८ सालीं त्या प्रकरणीं पुण्यास व नांदेडास फौजदारी तक्रारी दाखल झाल्या.

आतां खेळांकडे वळूं. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर 'क्रिप्टोकिटीज' नांवाचा खेळ निघाला. त्यांत चित्रांतलीं मांजरें विकत घ्यावयाचीं, त्यांचा जोडा लावावयाचा, आणि होणारीं पिल्लें विकावयाचीं. प्रत्येक मांजर निराळें व त्याची मालकी ईथरियमच्या वहींत नोंदलेली. लोकांची अशी झुंबड उडाली कीं डिसेंबरांत ती सबंध वही मंदावली, आणि कांहीं मांजरें लाख डॉलरांहून अधिक किंमतीस गेलीं. ही फसवणूक नव्हती. पण तिच्यामुळें खेळणें आणि ठेव ह्यांमधली भिंत पडली. मूल खेळण्यावर रुसतें तेव्हां आपण हंसतों. खेळण्यांत घरची पुंजी गुंतली म्हणजे हंसूं येत नाहीं.

पुढल्या वर्षीं 'फोमो थ्री-डी' आला. त्यांत खेळ म्हणावा असें कांहींच नव्हतें. एक घड्याळ उलटें चालत असे. कोणी किल्ली विकत घेतली कीं त्यांत तीस सेकंद वाढत. घड्याळ शून्यावर येतांना शेवटची किल्ली ज्याची, त्याला मोठी रक्कम. संकेतस्थळाच्या नांवांतच 'पैसे घेऊन पोबारा' ह्या अर्थाचे शब्द थट्टेनें घातले होते, तरी लोकांनीं पैसे ओतले. २२ ऑगस्ट २०१८ रोजीं एकानें सुमारें १०,४६९ ईथर, म्हणजे त्यावेळचे जवळजवळ तीस लाख डॉलर, जिंकले. तें कसें, हें पाहण्यासारखें आहे. वहीच्या एका पानावर मोजक्याच नोंदी मावतात आणि जो अधिक शुल्क देतो त्याची नोंद आधीं घेतली जाते. ह्या पठ्ठ्यानें शेवटची किल्ली घेतली आणि भारी शुल्क देऊन पुढचीं पानें आपल्याच निरर्थक नोंदींनीं भरून टाकलीं. बाकीचे खिडकीशीं पैसे घेऊन उभे, पण खिडकींत हात घालावयास जागा नाहीं! नियम सर्वांना सारखे होते. मात्र नियमांच्या आड काय आहे, हें शेंकड्यांत एखाद्यालाच ठाऊक होतें.

ह्यानंतरची हकीकत फिलिपाइन्स बेटांतली आहे, आणि ती मला सर्वांत करुण वाटते. व्हिएतनाममधल्या स्काय मेव्हिस ह्या कंपनीनें २०१८ सालीं 'ॲक्सी इन्फिनिटी' हा खेळ काढला. त्यांत गुबगुबीत काल्पनिक प्राणी लढवावयाचे आणि जिंकल्यावर 'प्रेमरसायन' अशा अर्थाच्या नांवाचें एक टोकन मिळवावयाचें. तें बाजारांत विकतां येई. करोनाच्या सांथींत रोजगार गेलेलीं शेंकडों घरें ह्या खेळावर पोट भरूं लागलीं. खेळावयास तीन प्राणी लागत, आणि २०२१ मध्यें त्यांची किंमत गरिबाच्या आवांक्याबाहेर गेली. तेव्हां पैसेवाले प्राणी उसने देत, गरीब खेळत, आणि मिळकतीचा वांटा मालकाकडे जाई. ह्या खेळणाऱ्यांना 'स्कॉलर' म्हणजे शिष्यवृत्तीचे विद्यार्थी म्हणत. आपल्या भाषेंत ह्याला अर्धेलीची शेती म्हणतात. नांव बदलल्यानें कुळाचा मालक होत नाहीं.

आतां ह्याचा हिशेब मांडून पाहा. तें रसायन रोज लाखों लोक निर्माण करीत. त्याचा उपयोग मुख्यतः एकच, नवे प्राणी पैदा करण्यासाठीं. आणि नवे प्राणी कोणाला हवेत? नव्यानें खेळांत येणाऱ्यांना. म्हणजे नवे लोक येत राहतील तोंवरच जुन्यांच्या श्रमाला मोल. २०२१ च्या उन्हाळ्यांत सुमारें चाळीस सेंटांपर्यंत चढलेलें तें टोकन २०२२ च्या आरंभीं एक-दोन सेंटांवर आलें. येथें कोणीं कोणाच्या खिशांत हात घातला असें मी म्हणत नाहीं. पण ज्या गणितानें बोस्टनचा डोलारा पाडला तेंच गणित येथेंहि होतें, आणि गणिताला मालकाचा हेतु शुद्ध कीं अशुद्ध हें कळत नाहीं.

त्याच खेळावर पुढें खरी दरोडेखोरी झाली. खेळाची स्वतःची 'रोनिन' नांवाची वही होती. तिच्यांतून पैसे बाहेर काढण्यास नऊ पहारेकऱ्यांपैकीं पांचांच्या सह्या लागत. परंतु चार किल्ल्या एकाच कंपनीच्या हातांत होत्या, आणि गर्दीच्या दिवसांत कामाच्या सोईसाठीं पांचव्याच्या वतीनें सही करण्याची परवानगीहि तिला मिळाली होती. गर्दी ओसरली, व्यवस्था बंद झाली, पण परवानगी काढून घेण्याचें राहून गेलें. २३ मार्च २०२२ रोजीं चोरांनीं १,७३,६०० ईथर आणि डॉलरशीं बांधलेल्या नाण्यांपैकीं २ कोटी ५५ लाख नाणीं नेलीं. एकूण साठ कोटी डॉलरांहून अधिक. ही चोरी सहा दिवस कोणाच्या लक्षांत आली नाहीं. एका गिऱ्हाइकाला आपले पांच हजार ईथर काढतां येईनात, तेव्हां तिजोरी उघडून पाहिली तों रिकामी! अमेरिकेच्या एफ.बी.आय. खात्यानें ही चोरी उत्तर कोरियाच्या लाझारस टोळीची असल्याचें जाहीर केलें. कंपनीच्या एका अभियंत्यास खोट्या नोकरीचें आमिष दाखवून त्याच्याकडून एक कागद उघडविला व त्यांतून शिरकाव केला, असें पुढें वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालें. ज्या वहीला कोणा माणसावर विश्वास ठेवावा लागत नाहीं असें म्हणत, तिची किल्ली शेवटीं माणसांच्याच हातांत होती.

उघड फसवणुकीचा नमुना २०२१ च्या ऑक्टोबरांत घडला. 'स्क्विड गेम' ही कोरियन मालिका तेव्हां जगभर गाजत होती. तिच्याशीं कांहींएक संबंध नसलेल्या अज्ञात लोकांनीं तिचें नांव लावून एक टोकन काढलें, आणि 'लौकरच खेळ सुरू होईल, त्यांत भाग घ्यावयास हें टोकन लागेल' अशी जाहिरात केली. सेंटाच्या भावाचें तें टोकन थोड्याच दिवसांत २,८०० डॉलरांच्या वर गेलें. भाव इतका कां चढला? कारण त्या करारांत अशी मेख होती कीं टोकन घेतां येई, पण विकतां येत नसे. ज्या बाजारांत फक्त घेणारेच आहेत तेथें भाव चढणार नाहीं तर काय होईल? १ नोव्हेंबर २०२१ रोजीं कर्त्यांनीं टोकनांच्या बदल्यांत साठलेलें खरें चलन, सुमारें तेहतीस लाख डॉलर, काढून घेतलें, आणि कांहीं मिनिटांत भाव शून्याशीं येऊन ठेपला. इंग्रजींत ह्या प्रकाराला पायांखालची सतरंजी ओढणें असें म्हणतात. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं भाव चढत असतां तो चढल्याची बातमी नामांकित वृत्तसंस्थांनींहि दिली होती. संकेतस्थळावर शुद्धलेखनाच्या चुकांची खैरात होती, आणि तिकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. शाळामास्तराला ह्याचें विशेष वाईट वाटलें, हें वेगळें सांगावयास नको.

जानेवारी २०२२ मध्यें अमेरिकेंत 'फ्रॉस्टीज' नांवाचीं चित्रें अशाच रीतीनें विकलीं गेलीं. चित्र घेणाऱ्यास पुढें एका खेळांत आधीं प्रवेश मिळेल असें वचन होतें. चित्रें संपतांच कर्ते सुमारें अकरा लाख डॉलर घेऊन नाहींसे झाले. परंतु येथें वहीनें चोरांवरहि साक्ष दिली. पैशाची वाट नोंदींवरून काढीत तपास चालला आणि मार्चमध्यें वीस वर्षांच्या दोन तरुणांना अटक झाली. वही निःपक्षपाती असते ती अशी.

आतां माझ्या विद्यार्थ्याच्या शेताकडे येतों. ९ मार्च २०२३ रोजीं एफ.बी.आय. खात्यानें लोकांसाठीं एक इशारा प्रसिद्ध केला होता. तो मीं वाचला तेव्हां माझ्या अंगावर कांटा आला, कारण त्यांत त्या शेताचें अक्षरशः वर्णन होतें. प्रथम कोणी अनोळखी माणूस ओळख वाढवितो. आठवडेच्या आठवडे नुसत्या गप्पा, विचारपूस, आपुलकी. मग सहज खेळाचा विषय निघतो. वॉलेट, म्हणजे चलनाचा बटवा, काढावयाचा, त्यांत चलन भरावयाचें, आणि तो बटवा खेळाला जोडावयाचा. बटव्यांत रक्कम जितकी अधिक तितकें शेत अधिक पिकतें, असें सांगतात. वाढता आंकडा डोळ्यांना दिसतो, पण तो नुसतें चित्र असतो. भरणा थांबला कीं, जोडतांना नकळत दिलेल्या परवानगीच्या जोरावर बटवा रिकामा करतात. आणि मग शेवटचा डाव : कर भरा, शुल्क भरा, म्हणजे पैसे मिळतील.

त्या संध्याकाळीं मला ह्यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. मनांत शंका आली होती. पण ज्या विषयाची माहिती नाहीं त्यांत ठाम बोलूं नये ही शिक्षकाची संवय. मीं म्हटलें, "अरे, उद्यां ये. मी जरा विचारून ठेवतों." कराची मुदत त्याच रात्रीं बारा वाजतां संपत होती, हें त्यानें सांगितलें नाहीं आणि मीं विचारलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो आला तेव्हां साठ हजार गेले होते. ते त्याच्या आईच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठीं ठेवलेले होते.

श्रोतेहो, १८६५ चा तो मुंबईचा धडा मीं ह्याच मुलाला वर्गांत शिकविला होता. पण कसा? लोभाचें फळ म्हणून. वर्ग हंसला होता, मीहि हंसलों होतों. लोभी माणसें फसतात, आपण लोभी नाहीं, अर्थात् आपण फसणार नाहीं, असा त्याचा अर्थ मुलांनीं घेतला असला तर दोष माझा. हा मुलगा लोभी नव्हता. परगांवीं खोली घेऊन एकटा राहणारा, रोज रात्रीं "जेवलास का?" म्हणून विचारणारें कोणी भेटलें, त्यानें तो गुंतला. त्याची लूट झाली ती विश्वासाच्या वाटेनें. इतिहासाचा धडा मीं अर्धाच शिकविला.

म्हणून उरलेला अर्धा आज सांगतों. ज्या खेळांतून पैसे काढण्यासाठीं आधीं पैसे भरावे लागतात, त्यांत पैसे उरलेलेच नसतात. खरा कर मिळणाऱ्या रकमेंतून कापला जातो, किंवा आपण स्वतः सरकारच्या खजिन्यांत भरतों. तो खेळाच्या चालकाच्या हातीं देण्याचा नसतो. एप्रिल २०२२ पासून आपल्या सरकारनें अशा चलनाच्या नफ्यावर शेंकडा तीस कर बसविला आहे, पण कर बसविला म्हणजे हमी घेतली असें नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदाहि केला. तथापि समुद्रापलीकडे बसलेल्या चोराला कायद्यापेक्षां आपला उंबरठा अधिक जवळ असतो. दुर्दैवानें फसलांच तर सरकारनें ठेवलेल्या १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ फोन करावा. मिठाच्या सत्याग्रहाचें साल म्हणून तो विसरणार नाहीं. पैसा बँकेंतून पुढें सरकण्याआधीं कळविलें तर तो अडविण्याची आशा असते. आणि गेलेले पैसे मिळवून देतों म्हणून जो आगाऊ शुल्क मागतो, तो त्याच टोळीचा समजावा.

१८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतल्या सुपें गांवीं शेतकरी उठले व दंग्याचें लोण पुणें-नगर भागांत पसरलें. न वाचलेल्या खतांवर त्यांचे आंगठे घेतलेले होते, आणि जमिनी चालल्या होत्या. त्यांनीं सावकारांचीं तीं खतें हुडकून जाळलीं. त्यांतून चौकशी झाली, १८७९ चा कायदा आला. आजहि आपण न वाचलेल्या खतांवर आंगठा उठवितोंच. फक्त तो मोबाइलच्या कांचेवर उठतो. मात्र त्या खतांची होळी करतां येत होती, आणि ह्या वहीची करतां येत नाहीं. म्हणून आंगठा उठण्यापूर्वींच थांबावयास हवें.

तो मुलगा अजून अधूनमधून येतो. त्याच्या आईची शस्त्रक्रिया पुढें धर्मादाय रुग्णालयांत झाली. मीं त्याच्यापाशीं माझी चूक कबूल केली तेव्हां तो म्हणाला, "गुरुजी, तुम्हीं नको म्हटलें असतें तरी मीं कदाचित् भरलेच असते." असेल तसें. पण आपल्या घरांतलें कोणी उद्यां तसाच मोबाइल पुढें धरून विचारील, तेव्हां त्याला 'उद्यां ये' म्हणूं नका. त्याच्यावर रागावूं नका, हंसूं नका. त्याला जवळ बसवा आणि त्याच क्षणीं 'भरूं नकोस' असें सांगा. इतकेंच.